जॅक्सनचं पाणी आणि राज्याची तिजोरी

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याची राजधानी म्हणजे जॅक्सन. राज्याचं विधिमंडळ इथे भरतं, गव्हर्नरचं निवासस्थान इथे आहे, राज्याची बहुतेक मोठी कार्यालयंही इथेच. या सगळ्या इमारतींच्या नळांना पाणी येतं ते जॅक्सन शहराच्याच जलशुद्धीकरण केंद्रांतून. शहराने पाण्यासाठी वर्षानुवर्षं ज्यांच्या दारात अर्ज केले, ते सगळे त्याच जलवाहिन्यांवरचे ग्राहक होते. तरीही शहराने मागितलेला पैसा वेळेवर मिळाला नाही, आणि ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस दीड लाखांच्या वस्तीचे नळ कोरडे पडले.

त्या आठवड्यात जगभरच्या वर्तमानपत्रांनी जॅक्सनची बातमी छापली. बाटलीबंद पाण्यासाठी मोटारींच्या रांगा, बादलीने पाणी ओतून साफ करावे लागणारे संडास, शाळांना सुट्टी. बहुतेक बातम्यांत कारण एका ओळीत सांगितलं होतं: नदीला पूर आला आणि जुनं केंद्र बंद पडलं. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. त्यामागे शहराने राज्याकडे पैसे मागण्याचा आणि राज्याने ते देण्याआधी हिशेब विचारण्याचा मोठा इतिहास आहे. पाणी का थांबलं हे त्या इतिहासातच शोधायला हवं.

जॅक्सन पर्ल नदीच्या काठी वसलं आहे. शहराचं जुनं केंद्र, जे. एच. फ्यूएल, १९१४ पासून थेट नदीचं पाणी उचलत आलं. दुसरं आणि मोठं केंद्र ओ. बी. कर्टिस. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या रिजलँड गावात उभं राहिलं. त्याला पाणी मिळतं पर्ल नदीवर साठच्या दशकात बांधलेल्या रॉस बार्नेट जलाशयातून. ज्यांचं नाव जलाशयाला दिलं आहे ते बार्नेट १९६० ते १९६४ या काळात मिसिसिपीचे गव्हर्नर होते. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला राज्याच्या विद्यापीठात प्रवेश मिळू नये म्हणून १९६२ मध्ये त्यांनी केंद्र सरकारशी उघड झुंज घेतली होती. पुढल्याच वर्षी, १२ जून १९६३ च्या पहाटे, नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांची जॅक्सनमधल्या त्यांच्या घराच्या अंगणात गोळी घालून हत्या झाली. पाण्याच्या लेखात हे कशाला, असं वाचकाला वाटू शकेल. पण पुढे पैशाचा वाद कुठल्या वळणावर गेला ते या पार्श्वभूमीशिवाय समजत नाही.

कर्टिस केंद्राची क्षमता दिवसाला ५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १९ कोटी लिटर. त्यातला निम्मा भाग जुन्या पद्धतीचा आहे. तिथे रसायन घालून गढूळपणा खाली बसवायचा, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळायचं. उरलेला भाग पडद्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी गाळणारा. असे पडदे नाजूक असतात. ते वेळच्या वेळी धुवावे लागतात, फाटले आहेत का हे तपासावं लागतं, आयुष्य संपलं की बदलावे लागतात. त्यासाठी प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसं चोवीस तास लागतात. केंद्र बांधताना खर्च होतो तो दिसतो. ते चालवण्याचा खर्च मात्र दर महिन्याला, कुणाच्या नजरेत न भरता होत राहतो. जॅक्सनला झेपेनासा झाला तो हा खर्च.

न झेपण्याचं कारण साधं आहे. १९६९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने मिसिसिपीतल्या शाळांमधली वर्णभेदाची भिंत ताबडतोब पाडायला सांगितलं. १९७० पासून जॅक्सनच्या शाळांत गोरी आणि काळी मुलं एकत्र बसू लागली, आणि गोरी कुटुंबं शहर सोडून मॅडिसन आणि रँकिन या शेजारच्या परगण्यांत जाऊ लागली. नंतर मध्यमवर्गीय कृष्णवर्णीय कुटुंबंही गेली. १९८० च्या जनगणनेत शहरात २ लाख २ हजारांहून अधिक लोक होते, २०२० मध्ये १ लाख ५३ हजार ७०१ उरले. त्यातले ऐंशी टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय, आणि गरिबांचं प्रमाण मोठं. माणसं गेली तरी जलवाहिन्यांची लांबी तेवढीच राहिली. त्यातल्या काही शंभर वर्षांहून जुन्या. शिवाय राजधानीचं शहर म्हणून राज्याच्या इमारती, विद्यापीठं, चर्च यांची मोठी मालमत्ता शहरात आहे आणि तिच्यावर मालमत्ता कर लागत नाही. राज्याला सेवा द्यायची, पण राज्याकडून कर घ्यायचा नाही, असा हा व्यवहार होता.

आपल्याकडे नगरपालिका पाणीपुरवठा योजनेचा प्रस्ताव करते, तो मंत्रालयात जातो, आणि केंद्र, राज्य, पालिका अशा वाट्यांतून काम उभं राहतं. अमेरिकेत घडी वेगळी आहे. तिथे शहराने पाणीपट्टीतून आणि रोखे विकून स्वतःचं पाणी स्वतः चालवावं अशी अपेक्षा असते. मदतीसाठी १९९६ च्या कायद्याने प्रत्येक राज्यात एक फिरता निधी ठेवला आहे. त्यात भर पडते ती मुख्यतः वॉशिंग्टनमधून, पण तो कुणाला, किती आणि कोणत्या अटींवर द्यायचा हे राज्य ठरवतं. त्यातून मिळतं ते बहुतांशी कर्ज. ज्या शहराची पाणीपट्टीच वसूल होत नाही, त्याला कर्ज घ्यायचीही धास्ती वाटते. नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेने पुढे तक्रारीत म्हटलं की पंचवीस वर्षांत या निधीतून जॅक्सनला फक्त तीन वेळा पैसा मिळाला.

पाणीपट्टी वसूल का होत नव्हती? इथे शहराची बाजू कमजोर आहे, आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. २०१० नंतरच्या काळात शहराने सीमेन्स या कंपनीशी सुमारे ९ कोटी डॉलरचा करार केला. नवीन स्वयंचलित मीटर बसवायचे, बिलांची यंत्रणा बदलायची, केंद्रांची काही कामं करायची. वाढलेल्या वसुलीतून खर्च भरून निघेल असं गणित होतं. ते पार उलटं पडलं. मीटर चुकीची मोजणी करत होते, कुणाला हजारोंची बिलं गेली, कुणाला महिनोन् महिने बिलच गेलं नाही. रोख्यांचं कर्ज मात्र डोक्यावर बसलं. शहराने २०१९ मध्ये दावा लावला आणि २०२० च्या आरंभी ८ कोटी ९८ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्यातला मोठा हिस्सा वकिलांच्या शुल्कात गेला. दरम्यान लोकांचा बिलांवरचा विश्वास उडाला होता. ज्या पाण्याचा रंग तपकिरी आहे आणि ज्याचं बिल खरं की खोटं कळत नाही, त्याचे पैसे माणूस किती दिवस निमूटपणे भरेल? थकबाकी साचत गेली. जुनी थकबाकी हप्त्यांनी आणि तडजोडीने मिटवण्याची मुभा शहराला देणारं विधेयक २०२० मध्ये विधिमंडळाने मंजूर केलं, तर गव्हर्नर टेट रीव्ह्स यांनी त्यावर नकाराधिकार वापरला.

पाण्याचा दर्जाही ढासळला होता. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने घराघरांतले ५८ नमुने तपासले, त्यातल्या १३ मध्ये शिशाचं प्रमाण मर्यादेबाहेर निघालं. हे शिसं नदीतून येत नाही. घरातल्या जुन्या नळजोडांत, झाळलेल्या सांध्यांत ते असतं, आणि पाणी थोडं आम्लधर्मी झालं की धातू खात खात ते बाहेर काढतं. उपाय ठाऊक असलेला आहे: केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची आम्लता सतत काबूत ठेवायची. त्यासाठी कर्टिस केंद्रात चुन्याऐवजी धुण्याच्या सोड्यासारखी भुकटी वापरायची ठरली. पण मिसिसिपीची हवा दमट. भुकटीला ओल लागून तिचे गोळे व्हायचे, नळ्या तुंबायच्या आणि मात्रा पाण्यात पडायचीच नाही. कोरडी हवा राखणारी यंत्रणा बसवली की प्रश्न मिटला असता. असलं किरकोळ वाटणारं काम वर्षानुवर्षं रेंगाळत होतं, आणि गरोदर बायकांनी व पाच वर्षांखालच्या मुलांनी नळाचं पाणी जपून वापरावं अशी सूचना बिलांसोबत घरोघरी जात होती. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ही सूचना. तिच्यात संकटाचा गाजावाजा नाही. कुठल्या तरी घरात बाळाचं दूध कालवताना रोज तिची आठवण ठेवावी लागत होती, इतकंच.

राज्य आणि शहर यांच्यातला अविश्वास तोवर चांगलाच मुरला होता. २००९ च्या कायद्याने जॅक्सनला स्वतःच्या हद्दीत एक टक्का जादा विक्रीकर लावायची वाट मोकळी झाली. पण त्या पैशाचा विनियोग ठरवायला दहा जणांचा आयोग नेमला, आणि त्यातले बहुसंख्य सदस्य शहराने नेमलेले नव्हते. स्वतःच्याच नागरिकांकडून कर घ्यायचा आणि तो कसा खर्चायचा हे इतरांनी ठरवायचं, याचा राग असूनही जानेवारी २०१४ मध्ये जवळपास नव्वद टक्के मतदारांनी कर स्वतःहून लावून घेतला. लोक पैसे द्यायला तयार नव्हते, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. २०१६ मध्ये विधिमंडळाने शहराच्या विमानतळाचा कारभार नव्या प्रादेशिक मंडळाकडे देणारा कायदा केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हापासून राज्याकडून येणारा मदतीचा प्रत्येक प्रस्ताव जॅक्सनमध्ये एकाच शंकेने वाचला जाऊ लागला: बदल्यात काय काढून घेणार?

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दोन्ही केंद्रांची तपासणी केली आणि मार्चच्या अखेरीस आणीबाणीचा आदेश काढला. लोकांच्या आरोग्याला गंभीर धोका आहे, पडद्यांची देखभाल नीट होत नाही, माणसं अपुरी आहेत, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे पुढे जे घडलं त्याची लेखी सूचना दोन वर्षं आधी सगळ्यांच्या टेबलांवर होती.

मग आला फेब्रुवारी २०२१ चा हिमझंझावात. तो टेक्सासपासून मिसिसिपीपर्यंत पसरला. थंड प्रदेशातली केंद्रं छपराखाली बांधतात. दक्षिणेत अशी थंडी क्वचितच पडते, म्हणून कर्टिसचा बराच भाग उघड्यावर. जलाशयातून पाणी आत घेताना काडीकचरा अडवणाऱ्या जाळ्यांवर बर्फ गोठला, यंत्रं थिजली, दाब उतरला. दाब कमी-जास्त झाल्याने जुन्या जलवाहिन्या जागोजाग फुटल्या. फुटलेली एक सांधावी तोवर दुसरी फुटायची. शहराचा दक्षिण भाग केंद्रापासून सर्वांत लांब आणि काहीसा उंचावर, तिथे पाणी सर्वांत शेवटी पोचलं. काही घरांत कित्येक आठवडे थेंब नव्हता. पाणी उकळून प्यायची सूचना १७ मार्चला, महिन्याभराने उठली.

त्याआधी, ३ मार्चला, महापौर चोक्वे अंतार लुमुम्बा यांनी गव्हर्नर रीव्ह्स यांना पत्र लिहून केंद्रांच्या आणि वितरण व्यवस्थेच्या तातडीच्या कामांसाठी ४ कोटी ७० लाख डॉलर मागितले. आणखी एक मागणीही होती. शहराला जादा एक टक्का विक्रीकर लावायचा असेल तर नागरिकांचं मतदान घ्यायला राज्याने परवानगी द्यावी. हा कर जॅक्सनच्याच बाजारपेठेत लागणार होता आणि होकार-नकार जॅक्सनच्याच मतदारांचा होता. पण मिसिसिपीच्या कायद्यात असं मतदान घ्यायलाही विधिमंडळाची संमती लागते.

पत्राची वेळ महत्त्वाची आहे. अधिवेशन संपायला महिनाही उरला नव्हता. मागणी उशिरा आली, खर्चाचा सविस्तर आराखडा हवा, असं विधिमंडळातल्या नेत्यांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. शहराकडे अभियंत्यांची वानवा होती, कागदपत्रं विस्कळित होती. पण लेफ्टनंट गव्हर्नर डेल्बर्ट होजमन यांनी त्या दिवसांत जाहीरपणे विचारलेल्या एका प्रश्नाने वादाचा सूर बदलला. केन डिटो महापौर असताना पाण्याची आणि सांडपाण्याची कामं झाली होती, मग त्यानंतर काय झालं, असा तो प्रश्न. डिटो १९९७ पर्यंत महापौर होते. ते जॅक्सनचे शेवटचे गोरे महापौर. त्यांच्यानंतर निवडून आलेले सगळे कृष्णवर्णीय. होजमन यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. पण शहरातल्या माणसांनी त्या प्रश्नाचा जो अर्थ घेतला तो घेण्यासारखीच त्याची मांडणी होती. शहर कसं रिकामं होत गेलं, कर देणारी कुटुंबं कुठे गेली, त्यांच्यासाठी नवीन उपनगरं कुणी वसवली, हे सारं वगळून फक्त महापौरांचा हिशेब मांडणं म्हणजे अर्धा इतिहास सांगणं होतं.

अधिवेशन संपलं. ४ कोटी ७० लाखांच्या मागणीवर विधिमंडळाने ३० लाख डॉलर दिले, तेही जुन्या फ्यूएल केंद्राच्या कामासाठी. विक्रीकराच्या मतदानाचा प्रस्ताव मार्गी लागला नाही. महिनाभरातच, एप्रिलच्या अखेरीस, कर्टिस केंद्रात विजेच्या पॅनेलला आग लागली.

त्या वर्षी नोव्हेंबरात पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख मायकल रीगन जॅक्सनला आले. पाहणीसाठी त्यांना विल्किन्स प्राथमिक शाळेत नेलं. पाण्याला दाब नसल्याने तिथले संडास वाहत नव्हते आणि आवारात बांधकामावर ठेवतात तसे तात्पुरते संडास उभे केले होते. केंद्रीय पाहुण्यांना दाखवायला कुणी मुद्दाम केलेली ती व्यवस्था नव्हती, शाळेचा तो नेहमीचा दिवस होता. सात-आठ वर्षांच्या पोरांना थंडीवाऱ्यात अंगणात जावं लागत होतं, आणि हे राज्याच्या राजधानीत.

२०२२ मध्ये परिस्थिती बदलायला हवी होती, कारण या वर्षी राज्याकडे पैसा नव्हता असं कुणालाच म्हणता आलं नसतं. कोविडनंतरच्या मदतीपोटी मिसिसिपीला वॉशिंग्टनमधून सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले होते. तिजोरीत शिल्लक इतकी होती की एप्रिलमध्ये गव्हर्नरांनी राज्याच्या तोवरच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आयकर कपातीवर सही केली. तिच्यामुळे वर्षाला ५२ कोटी डॉलरहून अधिक महसूल सुटणार होता. कोविड मदतीतून पाण्याच्या कामांसाठी एक योजनाही निघाली. शहराने स्वतःला मिळालेल्या मदतीतून जेवढे पैसे घालायचे तेवढेच राज्याने द्यायचे. योजना चांगलीच होती. मात्र जॅक्सनसाठी त्यात एक वेगळी अट होती: शहराचा पैसा राज्याच्या वित्त खात्याच्या देखरेखीखालच्या स्वतंत्र खात्यात राहील आणि तिथून मंजुरीनंतरच खर्च होईल. इतर कुठल्याही शहराला ही अट नव्हती. सार्वजनिक पैशावर देखरेख असावी याबद्दल दुमत असायचं कारण नाही. ती एकाच शहरावर का, हा प्रश्न मात्र विचारायलाच हवा.

अर्ज, मंजुरी, निविदा या वाटेने तो पैसा पोचण्याआधीच ऑगस्ट उजाडला. २९ जुलैपासून पाणी गढूळ येत असल्याने उकळून प्यायची सूचना लागू होतीच. कर्टिसचे मुख्य पंप नादुरुस्त होते आणि केंद्र छोट्या राखीव पंपांवर चालत होतं. ऑगस्टच्या अखेरीस मुसळधार पाऊस झाला आणि पर्ल नदी फुगली. केंद्रात पुराचं पाणी शिरलं नाही. पण जलाशयातून येणाऱ्या पाण्याचा गुणधर्म एका रात्रीत बदलला. नव्या गढूळ पाण्याला रसायनाची वेगळी मात्रा लागते, ती बसवेपर्यंत प्रवाह कमी करावा लागतो. भक्कम केंद्राला हे निभावता आलं असतं. राखीव पंपांवर तगलेल्या आणि माणसं अपुरी असलेल्या केंद्राला आलं नाही. २९ ऑगस्टला गव्हर्नरांनी शहराला पाणी पुरवता येणार नाही असं जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी केंद्रीय आणीबाणी मान्य केली. नॅशनल गार्डचे जवान रस्त्यावर बाटल्या वाटू लागले. दाब आठवड्याभरात परत आला, पाणी प्यायला योग्य आहे असं मात्र १५ सप्टेंबरला सांगण्यात आलं.

दुसऱ्याच दिवशी हॅटिसबर्ग या गावातल्या एका कार्यक्रमात गव्हर्नर रीव्ह्स यांनी, आज आपण जॅक्सनमध्ये नाही हे नेहमीप्रमाणेच बरं वाटतं, अशा अर्थाचे उद्गार काढले. दीड महिना पाणी उकळून पिणाऱ्या लोकांच्या गव्हर्नरने हे बोलायला नको होतं.

आता पैशाची वाट कुठून निघाली ते पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय न्यायाधीश हेन्री विंगेट यांनी न्याय विभाग, शहर आणि राज्याचं आरोग्य खातं यांच्यातल्या सहमतीनुसार पाणी व्यवस्था एका तटस्थ व्यवस्थापकाकडे सोपवली. व्हर्जिनिया राज्यात सांडपाणी व्यवस्था अनेक वर्षं सांभाळलेले टेड हेनिफिन हे ते व्यवस्थापक. डिसेंबरात अमेरिकी काँग्रेसने अर्थसंकल्पात जॅक्सनच्या पाण्यासाठी ६० कोटी डॉलर घातले. राज्याच्या बरोबरीच्या निधीतून साडेतीन कोटींच्या आसपासचे प्रकल्पही त्या हिवाळ्याच्या तोंडावर मंजूर झाले. शहराने पावणेदोन वर्षांपूर्वी पत्रात मागितलेल्या रकमेच्या तेरापट पैसा पाणी बंद पडल्यावर आला, वॉशिंग्टनमधून आला, आणि तो लोकांनी निवडलेल्या महापौराच्या हातात दिला नाही.

हेनिफिन यांच्या माणसांनी जलवाहिन्यांची तपासणी सुरू केली तेव्हा कलोनियल कंट्री क्लबच्या ओस पडलेल्या गोल्फ मैदानात एक मोठी मुख्य वाहिनी फुटलेली होती. तिथून दिवसाला सुमारे ५० लाख गॅलन, जवळपास १ कोटी ९० लाख लिटर शुद्ध केलेलं पाणी मातीत जात होतं, आणि ही गळती २०१६ पासूनची होती. म्हणजे कर्टिस केंद्राच्या पूर्ण क्षमतेचा दहावा हिस्सा. केंद्रात रसायनं घालून, गाळून, वीज खर्चून पाणी तयार करायचं आणि ते मातीत सोडून द्यायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. दक्षिण जॅक्सनमधल्या घरांत दाब का येत नाही याचं एक उत्तर इथे जमिनीखाली वाहत होतं. २०२३ च्या आरंभी ती वाहिनी दुरुस्त झाली. हे शहराला आधी का सापडलं नाही? सापडलं होतं, असं सांगणारे लोक आहेत. दुरुस्तीला माणसं आणि पैसे नव्हते. ही सबब मला पुरेशी वाटत नाही. मोठ्या निधीची वाट पाहताना हाताशी असलेलं काम राहून जातं, आणि जॅक्सनच्या पालिकेचा हा दोष कुठल्याही वर्णाच्या किंवा पक्षाच्या आड लपवता येणार नाही.

हेनिफिन यांनी पाणीपट्टी घराच्या किमतीनुसार आकारायची कल्पना मांडली, म्हणजे गरिबाला हलकी आणि श्रीमंताला जड. २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदा करून बिल फक्त वापरावरच आकारता येईल असं ठरवलं. ही पाणी व्यवस्था प्रादेशिक मंडळाकडे सोपवण्याचं विधेयक त्याच वर्षी सिनेटने मंजूर केलं, ते खालच्या सभागृहात पडलं. साठ कोटी यायचे ठरल्यावर कारभाराची ओढ एकाएकी वाढली, हे जॅक्सनच्या लोकांच्या नजरेतून सुटलं नाही.

वर्णाच्या प्रश्नाचं सरकारी उत्तरही सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपलने नागरी हक्क कायद्याखाली तक्रार केली: राज्याने निधीवाटपात कृष्णवर्णीय शहराशी भेदभाव केला. पर्यावरण संरक्षण संस्थेने चौकशी केली आणि मे २०२४ मध्ये ती बंद केली. निधी देणाऱ्या राज्याच्या खात्यांनी वर्णावरून भेदभाव केल्याचा पुरेसा पुरावा सापडला नाही, असा निष्कर्ष निघाला. कर्जनिधीच्या नोंदींपुरता तो बरोबर असेल. शहर अर्ज कमी करत होतं, म्हणून कर्ज कमी मिळालं, हे नोंदींत दिसतंच. पण ४ कोटी ७० लाखांची मागणी कर्जनिधीतली नव्हती. ती विधिमंडळापुढे होती, आणि विधिमंडळाने ती का नाकारली याची चौकशी कुठल्याच खात्याच्या कक्षेत येत नव्हती. मतदानाची परवानगी नाकारण्यात तर राज्याचा एक पैसाही वाचत नव्हता.

मला या प्रकरणात दोषाची वाटणी सारखी वाटत नाही. शहराने मीटर बिघडवले, माणसं टिकवली नाहीत, गळत्या सोडून दिल्या. पण गरीब झालेल्या शहराच्या चुका दुरुस्त करण्याची ताकद फक्त राज्याकडे होती. केंद्र ताब्यात घेण्याची, अभियंते पाठवण्याची, अटींसह पण पुरेसा पैसा देण्याची साधनं मार्च २०२१ मध्येही राज्याकडे होती. ऑगस्ट २०२२ मध्ये, पाणी गेल्यावर काही दिवसांतच, राज्याने भाड्याचा पंप आणून बसवला आणि बाहेरून तंत्रज्ञ बोलावले. हेच दीड वर्ष आधी करता आलं असतं.

२०२५ मध्ये जॅक्सनच्या मतदारांनी लुमुम्बा यांना घरी पाठवलं आणि जॉन हॉर्न यांना निवडलं. हॉर्न १९९३ पासून राज्याच्या सिनेटमध्ये जॅक्सनचं प्रतिनिधित्व करत होते. १ जुलै २०२५ रोजी त्यांनी महापौरपद स्वीकारलं, तेव्हाही फ्यूएल आणि कर्टिस ही दोन्ही केंद्रं न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाच्याच ताब्यात होती.